वायर निघाली, रक्त थांबलं, मग आता लघवीची धार बारीक का?

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. वय 26, ऐरोलीला आईवडिलांसोबत राहता, महापेला नोकरी. चार-पाच महिन्यांपूर्वी कुतूहल म्हणून इअरफोनची वायर लघवीच्या जागेतून आत घातलीत, काढताना अडकली, ओढून काढली, रक्त आलं, दोन-तीन दिवसांत थांबलं आणि विषय संपला असं तुम्हाला वाटलं. आता महिनाभर धार बारीक झालीय, कधी दोन फाटे फुटतात, करून झाल्यावरही थेंब थेंब पडत राहतं. हे त्यामुळेच का, डॉक्टरकडे गेलो तर पोलीस केस होते का, घरी कळतं का, आणि शेवटचं, जे तुम्ही जरा चाचरत विचारलंय, की ऑनलाइन यासाठीच बनवलेल्या स्टीलच्या सळया मिळतात त्या वापरल्या असत्या तर हे टळलं असतं का.

उत्तरं आधी देऊन टाकतो. बहुतेक त्यामुळेच. पोलीस केस नाही. घरी तुम्ही सांगितल्याशिवाय कळायचं कारण नाही. आणि सळयांनीही हेच झालं असतं, कदाचित जास्तच. आता बाकीचं सावकाश वाचा, कारण या विषयावर लोक एकतर हसतात नाहीतर शिव्या घालतात आणि पेशंट बिचारा लाजेखातर घरी बसून राहतो, आणि माझ्या मते खरं नुकसान त्या घरी बसण्यातच होतं, वस्तूने होतं त्यापेक्षा जास्त.

मी युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचा सर्जन आहे, ठाण्यात प्रॅक्टिस, नवी मुंबईतही ऑपरेशनांसाठी जातो. असे पेशंट रोज येत नाहीत पण येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की जगात असं करणारे आपणच एकटे. तसं नाहीये हो. 2012 मध्ये बीजेयू इंटरनॅशनल या युरोलॉजीच्या जर्नलमध्ये एक ऑनलाइन सर्व्हे छापून आला होता, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या दोन हजारांवर पुरुषांचा, त्यात साधारण 10 टक्के लोकांनी कधी ना कधी असं केल्याचं सांगितलं. आणि हे फक्त त्याच लोकांचं असतं असंही समजू नका, ओपीडीत लग्न झालेले येतात, कॉलेजातली पोरं येतात, साठी उलटलेले काका येतात, बायकाही येतात. त्यामुळे समोरच्या डॉक्टरला धक्का बसेल ही भीती काढून टाका, आम्ही यापेक्षा बरंच काय काय बघितलेलं असतं.

आता आत काय असतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पुरुषांची मूत्रनलिका साधारण 18 ते 20 सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ पाइपसारखी नसते. लिंगातून मागे जाते, वृषणांच्या पिशवीच्या मागे, म्हणजे आपण सायकलच्या सीटवर बसतो तिथे, वर वळते, मग लघवी धरून ठेवणारा स्फिंक्टरचा स्नायू लागतो, मग प्रोस्टेटमधून जाऊन मूत्राशयात उघडते. सगळ्यात बारीक तोंड बाहेरचंच असतं, त्यामुळे जी वस्तू तिथून गेली ती आत सहज सरकते आणि माणसाला वाटतं अरे हे तर सोप्पंय. पण त्या मागच्या वळणावर, ज्याला आम्ही बल्बर भाग म्हणतो, तिथे सरळ आणि कडक वस्तू भिंतीवर जाऊन आदळते. बहुतेक इजा तिथेच होतात. नळीचं आतलं अस्तर फार नाजूक, आणि त्या अस्तराच्या लगेच खाली स्पंजासारखा रक्ताने भरलेला भाग असतो. म्हणून छोटासा ओरखडा पडला तरी रक्त भळाभळा येतं आणि पेशंट घाबरतो. तुमचं रक्त थांबलं ते चांगलंच झालं, पण रक्त थांबलं म्हणजे जखम जशी होती तशी भरली असं नाही.

आणखी एक, वस्तू आत का ओढली जाते हे लोकांना समजत नाही. "मी तर अर्धीच घातली होती, ती आपोआप गेली" असं पेशंट शपथेवर सांगतो आणि शेजारी उभा असलेला शिकाऊ डॉक्टर गालात हसतो. पण पेशंट खरं सांगत असतो. आत काहीतरी लागलं की तिथले स्नायू आपोआप आवळतात आणि वस्तू मागे, म्हणजे मूत्राशयाकडे सरकते. वर लिंग ताठ असताना नळी लांब झालेली असते, ताठरपणा गेला की ती आखडते, म्हणजे हातात धरलेलं टोक आत दिसेनासं होतं. मग माणूस घाबरून नखांनी, चिमट्याने, आयब्रोच्या प्लकरने पकडायला जातो आणि ती आणखी आत ढकलली जाते. एकदा स्फिंक्टरच्या पलीकडे गेली की थेट मूत्राशयात, आणि तिथून ती स्वतःहून बाहेर येण्याची आशा धरू नका.

वस्तूंचं म्हणाल तर घरात, ऑफिसात, वर्कशॉपमध्ये जे हाताला लागेल ते. पेनाची रिफिल, वायर, अगरबत्तीची काडी, खराट्याची हीर, पिन, सुई, मेणबत्ती, ठिबकची बारीक नळी, कंपास बॉक्समधलं काहीही. प्रत्येकीचा त्रास वेगळा असतो म्हणून जरा थांबून सांगतो. मऊ वायर किंवा दोरी लोकांना सगळ्यात सेफ वाटते, टोचत नाही ना, पण मूत्राशयात पोचली की ती गुंडाळी होते, कधी तिला गाठच बसते, आणि मग बाहेर राहिलेलं टोक ओढलं की ती गाठ अख्ख्या नळीतून ओरबाडत येते. तुमच्या बाबतीत वायर अडकली ती तिथे वळली होती का नुसती अस्तराला घासून धरली होती हे आता सांगता येणार नाही, पण ओढून काढलीत तिथेच जखम झाली असणार. खराट्याची हीर किंवा अगरबत्तीची काडी आत मोडते, तिचे कुसळ अस्तरात रुततात, आणि लाकूड, पातळ प्लास्टिक असलं काही साध्या एक्स-रेत दिसतच नाही. म्हणजे पेशंटने खरं सांगितलं नाही आणि एक्स-रे नॉर्मल आला की सगळे निवांत, आणि काडी आत तशीच. मेण अंगाच्या उष्णतेने मऊ पडून तुटतं आणि लघवीवर तरंगतं, दुर्बिणीतून पकडताना नाकी नऊ येतात. सुई आणि पिन लोक बोथट बाजूने आत घालतात, मग टोक बाहेरच्या दिशेला राहतं, आणि काढायला ओढली की तेच टोक भिंतीत घुसतं.

यातल्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या मोजायच्या. एक म्हणजे घड्याळातला किंवा रिमोटमधला बटण सेल. तो ओल्या जागेत करंट सोडतो, त्यामुळे तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि आतून भाजतं, काही तासांत. इथे सकाळी बघू, उद्या सुट्टी टाकू हे चालत नाही. दुसरी म्हणजे खेळण्यातले ते छोटे, फार जोरदार लोहचुंबकाचे मणी. एकाहून जास्त गेले की ते आतल्या भिंती मध्ये घेऊन एकमेकांना चिकटतात, मधल्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो भाग सडतो. शिवाय आमची स्टीलची हत्यारं नेली की मणी हत्यारांनाच चिकटून बसतात. आणि ज्याच्या आत चुंबक किंवा लोखंड असू शकतं त्याने एमआरआय करायचा नाही, ते मशीनवाल्याला न लाजता आधी सांगायचं.

मूत्राशयात राहून गेलेल्या वस्तूचं काय होतं? काही दिवस काहीच होत नाही, आणि हाच घोटाळा आहे. जळजळ होते, वारंवार लागते, माणूस मेडिकलमधून लघवीची गोळी घेतो, बरं वाटतं, परत होतं. तोवर त्या वस्तूवर लघवीतले क्षार बसायला लागतात, काही जंतू लघवी अल्कलाइन करतात त्याने हे आणखी भराभर होतं, आणि काही महिन्यांत आपण जिला मुतखडा म्हणतो त्याच्या पोटात एक रिफिल निघते. पेशंटचं वय कमी, खडा एकच आणि लांबट आकाराचा, म्हटलं की आम्हाला संशय येतोच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. जखम भरताना तिथे व्रण तयार होतो, व्रण हळूहळू आखडतो आणि नळी आतून अरुंद होते. याला स्ट्रिक्चर म्हणतात. याचं वाईट असं की तो लगेच होत नाही, काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी तर वर्षांनी लक्षात येतो, तेव्हा माणूस मूळ गोष्ट विसरून गेलेला असतो किंवा त्याला ती आठवायची नसते. धार बारीक होणं, फाटे फुटणं, जोर लावायला लागणं, झाल्यावर थेंब गळणं, वीर्य जोरात न येता ओघळणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. बागेतल्या नळीवर कोणीतरी पाय ठेवावा तसं आहे हे, नळ कितीही मोठा सोडा पुढे धार बारीकच, आणि मागचा दाब मूत्राशयावर. मूत्राशयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकतो, लघवी आत शिल्लक राहते, तिच्यात इन्फेक्शन होतं, खडे होतात, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर वर किडनीला सूज येते. तुम्ही महिनाभरातच विचारताय, तुमची ती वेळ आलेली नाही, घाबरवायला सांगत नाहीये. पण "अजून दोन महिने बघतो" हा पर्याय यात नाही.

एक सांगून ठेवतो, जळजळ आणि स्राव असेल तर ते सगळं वायरीवर ढकलू नका. असुरक्षित संबंध आला असेल तर गोनोरिया, क्लॅमिडियाही असू शकतो, आणि गोनोरियाने स्वतःच स्ट्रिक्चर होतो. तेही डॉक्टरला सांगा.

तपासण्या फार भीतीदायक नसतात. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कोणते आहेत ते बघणं. सोनोग्राफी, त्यात लघवी केल्यानंतर आत किती उरते तेही मोजायला सांगायचं. मग युरोफ्लो, म्हणजे मशीन लावलेल्या भांड्यात नुसती लघवी करायची, कुठे काही घालत नाहीत. तरुण माणसाचा वेग सेकंदाला 15 मिलीच्या वर असतो, 10 च्या खाली असेल आणि ग्राफ डोंगरासारखा न येता सपाट पठारासारखा आला तर स्ट्रिक्चरची शंका पक्की होत जाते. त्यानंतर आरजीयू नावाचा एक्स-रे, लघवीच्या तोंडातून औषध भरून फोटो काढतात, जरा अवघडल्यासारखं होतं, पण नेमकं कुठे आणि किती लांब अरुंद झालंय ते त्यातच दिसतं. गरज पडली तर दुर्बीण.

उपचार त्या लांबीवर ठरतो. बल्बर भागात छोटा, दोन सेंटिमीटरच्या आतला आणि पहिल्यांदाच असेल तर दुर्बिणीतून आतून छेद देऊन मोकळा करता येतो, कॅथेटर, म्हणजे लघवीसाठीची नळी, काही दिवस ठेवतात. हे सोपं आहे म्हणून लोक पुन्हा पुन्हा करून घेतात आणि मला त्याचा राग येतो, कारण परत अरुंद झाल्यावर तोच छेद परत दिला की यश कमी कमी होत जातं आणि व्रण मात्र वाढतो. एकदा फेल गेलं की सरळ युरेथ्रोप्लास्टीचं बोलावं. त्यात छोटा असेल तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडतात, लांब असेल तर गालाच्या आतली कातडी घेऊन नळी रुंद करतात. गालाचं अस्तर कायम ओलं राहायला सरावलेलं असतं म्हणून ते तिथे छान टिकतं. या ऑपरेशनात आपला महाराष्ट्र मागे नाही, पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींची पद्धत जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते, परदेशातले सर्जन शिकायला येतात. म्हणजे अगदी वाईटातलं वाईट निघालं तरी मार्ग आहे.

आणि इथे एक खास आपल्याकडचं सांगायलाच हवं. तुम्ही गुटखा, मावा, तंबाखू खाता का? 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे मला कोणी सांगायला नको. गुटख्याने गालाच्या आतलं अस्तर पांढरं, कडक होतं, तोंड उघडत नाही, आणि मग जिथून कातडी घ्यायची तोच गाल कामाचा राहत नाही. तेव्हा जिभेच्या खालून वगैरे घ्यावी लागते. खात असाल तर आत्ताच थांबवा, युरोलॉजिस्ट तुम्हाला आ करायला लावेल तेव्हा हसू नका.

आता त्या स्टीलच्या सळया. असं बघा, आम्हीही ऑपरेशन थिएटरमध्ये धातूचे डायलेटर, म्हणजे नळी रुंद करायच्या सळया वापरतो, आणि ही कल्पना नवी पण नाही, सुश्रुतसंहितेत लघवीचं तोंड अरुंद झालं तर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपात माखून घालायची आणि तीन-तीन दिवसांनी जरा जाड घ्यायची असं दिलेलं आहे. पण ते आजारावरचा उपचार म्हणून. आणि आज आम्ही ते करतो तेव्हा हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये 121 डिग्रीला निर्जंतुक केलेली, अँटिबायोटिक दिलेलं, सोबत गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी बारीक तार, कित्येकदा दुर्बिणीने बघत, आणि एवढं करून, वर्षानुवर्षांचा हात असूनही, कधी भिंतीत खोटी वाट पडते, कधी जंतू रक्तात जाऊन पेशंटला थंडी वाजून ताप येतो. मग बाथरूममध्ये, घाईत, उत्तेजित अवस्थेत, कोणी दार वाजवेल या धाकात काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा. सळईवर सर्जिकल स्टील लिहिलेलं असतं ते धातूच्या प्रकाराबद्दल असतं, ती निर्जंतुक आहे असा त्याचा अर्थ नाही. घरी उकळून सगळे जंतू मरत नाहीत. खोबरेल तेल, साबण, थुंकी, यातलं काहीही तिथे घालायचं नसतं. डेटॉल तर अजिबात नाही, त्याने अस्तर भाजतं. आणि बधिर करायची जेली मिळते ती लावून केलं की तर आणखी वाईट, कारण दुखणं ही तिथली एकच धोक्याची घंटा, तीच बंद केली तर भिंत फाटली तरी कळणार नाही.

दुसऱ्यासोबत एकच वस्तू वापरली असेल तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, गोनोरिया हे सगळे त्यात आले. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस टिकतो, नुसतं पुसून घेतलं याला काही अर्थ नाही. असं नुकतंच घडलं असेल तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू करता येतात, जितकी लवकर तितकी चांगली, सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्राला जा.

मला विचारतात की मग सेफ पद्धत कोणती ते तरी सांगा. मजेसाठी करायची सेफ पद्धत माझ्याकडे नाही, असती तर लपवली नसती. ज्यांना मूत्राशय रिकामं होत नाही म्हणून आम्ही स्वतःच कॅथेटर घालायला शिकवतो त्यांचं वेगळं, ती मऊ, खास बनवलेली नळी असते, मापाने दिलेली असते, आणि त्यांच्यातही इन्फेक्शन, इजा होतातच, फक्त त्यांच्यासाठी न घालण्याचा धोका मोठा असतो.

हे वाचणाऱ्यात कोणाच्या आत आत्ता या क्षणी काही अडकलं असेल तर त्याच्यासाठी. थांबा. चिमटा नको, वाकडी तार नको, मागून दाबून पुढे ढकलणं नको, यूट्यूब नको. टोक बाहेर दिसत असेल तर ते कापू नका आणि ओढू नका, त्वचेला चिकटपट्टीने धरून ठेवा म्हणजे आत जाणार नाही. ढसाढसा पाणी पिऊन वाहून जाईल असं करू नका, मार्ग बंद असेल तर मूत्राशय तुंबून असह्य दुखतं. बहुधा भूल द्यावी लागते, त्यामुळे काही खाऊ नका आणि शेवटचं काय कधी खाल्लंत ते लक्षात ठेवा. तशीच दुसरी वस्तू घरी असेल तर सोबत आणा, किंवा फोटो, आम्हाला लांबी-जाडी कळली की अर्धं काम होतं. वस्तू लिंगाच्या पुढच्या भागात असेल तर कधी नुसती जेली घालून निघते, नाहीतर दुर्बिणीतून, फार मोठी किंवा गाठ बसलेली असेल तर पोटाच्या खालच्या भागातून मूत्राशयात छोटं भोक पाडून. उघडं ऑपरेशन आता कमी वेळा लागतं.

लघवी बंद झाली, लघवीच्या तोंडातून ताजं रक्त येतंय, थंडी वाजून ताप, किंवा वृषणांची पिशवी आणि मागचा भाग सुजून काळानिळा पडलाय, यातलं काहीही असेल तर घोडबंदरच्या ट्रॅफिकचा विचार करत बसू नका, 108 ला फोन करा. नळी फाटून लघवी बाहेर मांसात पसरली की तिथे जंतू झपाट्याने वाढतात, डायबेटिस असेल तर तासातासाला कातडी सडत जाते, त्याला फोर्निअर्स गँगरीन म्हणतात आणि त्यात माणसं दगावतात. अशी वेळ आलेल्या पेशंटकडे नंतर विचारलं की दोन दिवस आधी का नाही आलात, तर उत्तर एकच, "लाज वाटली".

पोलिसांचं. प्रौढ माणसाने स्वतःच्या मर्जीने स्वतःच्या शरीराशी हे केलं तर त्यात गुन्हा काहीच नाही. काही हॉस्पिटलं आपल्या पद्धतीप्रमाणे एमएलसीच्या, म्हणजे मेडिको-लीगल केसच्या रजिस्टरला नोंद करतात, ती नोंद म्हणजे तुमच्यावर केस नव्हे. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेतच आहे, तुम्ही सज्ञान आहात, आईला बाहेर बसायला सांगा असं तुम्ही सरळ म्हणू शकता आणि डॉक्टरने ते ऐकायलाच हवं. दुसऱ्या कोणी जबरदस्तीने केलं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, बाईच्या मूत्रमार्गात जबरदस्तीने वस्तू घालणं कायद्यात बलात्काराच्या व्याख्येत येतं, तेव्हा लपवू नका. आणि पेशंट 18 च्या खालचा असेल आणि कोणी केल्याची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने आम्हाला कळवणं बंधनकारक आहे. लहान मुलं मात्र बऱ्याचदा नुसत्या कुतूहलाने करतात, जसं नाकात शेंगदाणा घालतात तसंच, त्यांना मारू नका, मारलं की पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

बायकांचं दोन ओळीत सांगतो कारण तिथे मार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, वस्तू अडकत नाही, सरळ मूत्राशयात जाते, हेअरपिन वगैरे, आणि मग वारंवार युरीन इन्फेक्शन म्हणून महिनोन्महिने गोळ्या चालतात. आणि म्हातारी माणसं, प्रोस्टेट वाढून लघवी अडली की स्वतःच काहीतरी नळी घालून मोकळी करायला जातात, त्यांना कुतूहल वगैरे काही नसतं, रात्री दोन वाजता त्रास असह्य झालेला असतो आणि मुलांना उठवायचं नसतं. घरात असे आजोबा असतील तर आधीच विचारून ठेवा.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील का, हे लिहिलं नाहीत पण मनात असणार, ठाण्याजवळ राहणाऱ्याला तर जास्तच, तिथल्या मनोरुग्णालयामुळे आपल्याकडे जरा काही विचित्र केलं की "ठाण्याला नेऊन टाका" म्हणतात. एकदा कुतूहलाने केलं म्हणजे मनोरुग्ण, असं अजिबात नाही. पण परत परत करावंसं वाटतं, थांबवता येत नाही, दारू किंवा नशेत होतं, स्वतःला दुखवायचंच असतं, असं काही असेल तर त्या डॉक्टरशी बोलणं हाही उपचाराचाच भाग आहे. टेलिमानसचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची गरज नाही.

तर आता तुम्ही काय करायचं. काउंटरवर काही समजावत बसू नका, "लघवीची धार बारीक झालीय, युरोलॉजिस्टना दाखवायचंय" एवढंच सांगा, केसपेपरवर तेवढंच येतं. आत गेल्यावर मात्र डॉक्टरला पूर्ण सांगा, वायर, किती आत, रक्त किती दिवस, सगळं. एकच वाक्य पाठ करून जा हवं तर, "चार महिन्यांपूर्वी मी आत वायर घातली होती, काढताना रक्त आलं", म्हणजे ऐनवेळी तोंडातून "क्रिकेटचा बॉल लागला" निघणार नाही. डॉक्टर हसला किंवा लेक्चर द्यायला लागला तर उठून दुसऱ्याकडे जा. पैशाचं अडत असेल तर मुंबईत पालिकेच्या सायन किंवा केईएम हॉस्पिटलच्या युरोलॉजीच्या ओपीडीला जाता येतं, आणि ऑपरेशन निघालंच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. तोवर परत काही घालू नका, नळी मोकळी होतेय का बघायलासुद्धा नाही, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या खाऊन कल्चर बिघडवू नका. युरोफ्लोला जाताना मूत्राशय नीट भरलेलं असू द्या, निदान 150 मिली तरी लघवी व्हायला हवी नाहीतर ग्राफ काही कामाचा नाही, त्यामुळे घरून निघताना सवयीने करून येऊ नका. सकाळच्या ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत दाबून उभं राहणं अवघड जाईल म्हणून दुपारची अपॉइंटमेंट घ्या आणि तिथे पोचल्यावर अर्धा लिटर पाणी प्या.